कढई गप्प होईपर्यंत

४ मार्च, सोमवार

पहिलवान जगेल असं डॉक्टर म्हणतात. कोणत्या चेहऱ्याने जगेल, ते सांगत नाहीत.

जेवणाची सुट्टी संपून मी माझ्या लेथकडे परतत होतो. हीट ट्रीटमेंटच्या शेडमधून आवाज आला, जणू कुणी आतून पत्र्यावर ट्रक घातला. धावलो. तिथे मिठाच्या तीन भट्ट्या आहेत: जमिनीत पुरलेली पोलादी भांडी, खालून गॅसची आग, आत पाण्यासारखं पातळ आणि निखाऱ्यासारखं लाल झालेलं मीठ. त्यात गिअर बुडवून कडक करतात. मधल्या भट्टीतलं अर्धं मीठ छताला, भिंतींना आणि त्या भट्टीवर काम करणाऱ्या पहिलवानाला लागलेलं होतं. अंगावर गोठून पांढरं झालं होतं. तो किंचाळत नव्हता. तोंड उघडं होतं, पण आतही मीठ गेलं होतं.

शेजारच्या भट्टीवर माझा धाकटा भाऊ होता. त्यानेच त्याला काखेत हात घालून ओढून काढलं. धाकट्याचं मनगट भाजलं आहे. घरी आल्यापासून तो एकच वाक्य बोलला, "कढई बंद केल्यापासून मी म्हणत होतो." तो नेहमीच असं अर्धं बोलतो. बाकीचं आपण समजून घ्यायचं.

युनियनचा पुढारी म्हणून मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा राहून जमलेल्या कामगारांपुढे बोललो. तयारी नव्हती, तरी शब्द आपोआप आले. माणसं रडली. बायको म्हणाली, "आवाज बसलाय तुमचा. गरम पाणी घ्या." मी म्हटलं, आता हा आवाज बसणार नाही.

५ मार्च, मंगळवार

आज एक शब्द मिळाला. तीस वर्षं वाचतोय, पण हा कधी भेटला नव्हता.

लॅबमधल्या बाईंनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. मिठाच्या तपासणीच्या कागदांवर सही त्यांची असते, त्यामुळे हळू आवाजात बोलत होत्या. म्हणाल्या, "नव्या साहेबांनी मीठ भाजायची कढई बंद केली ना, तिथे सगळी चूक आहे. याला डिक्रेपिटेशन म्हणतात."

मी वहीत उतरवून घेतला. अर्थ विचारला. त्यांनी तोंडाने सांगण्याऐवजी लोखंडी तव्यात जाड मिठाचे खडे टाकले, तवा जाळावर ठेवला. खडे हाताला कोरडे ठणठणीत. थोड्या वेळाने ते तडतडायला लागले, उडायला लागले, एक माझ्या चष्म्यावर आपटला.

"खडा तयार होताना त्याच्या पोटात पाण्याचा थेंब अडकतो," बाई म्हणाल्या. "बाहेरून दिसत नाही, उन्हात वाळत नाही. तापवलं की त्याची वाफ होते, वाट नसते, मग खडा फोडून निघते. ते फुटणं म्हणजे हा शब्द. कढईत फुटलं तर नुसता आवाज. भट्टीत फुटलं तर पहिलवान."

हीट ट्रीटमेंटची माणसं हे नाव न घेताच पाळत आली आहेत. नवं मीठ आधी कढईत भाजायचं. कढई बोलत असेपर्यंत फावड्याला हात लावायचा नाही. गप्प झाली की भट्टीत टाकायचं. साहेबांनी तीन आठवड्यांपूर्वी कढई उचलून भंगारात टाकली, कारण वेळ जातो.

संध्याकाळी गेटवर मी तो शब्द वापरला. "आपल्या प्रत्येकाच्या पोटात एक अडकलेला थेंब आहे, आणि यांनी खाली जाळ लावला आहे." टाळ्या थांबेनात. लेथवरचा एक जण ओरडला, "दादा, ती डिक्री कुणाच्या नावावर निघाली?" हशा झाला. उद्यापासून सगळे डिक्रीच म्हणणार. म्हणू देत.

६ मार्च, बुधवार

साहेबांशी बोलणी. बोलणी कसली, भिंतीवर डोकं आपटणं. त्यांनी नियमांचं पुस्तक माझ्यासमोर सरकवलं. "इथे लिहिलंय, कोरडं मीठ वापरावं. मीठ सीलबंद पिशवीत येतं. कोरडंच आहे."

मी म्हटलं, "कोरडं आणि भाजून फुटलेलं यांत एका माणसाच्या चेहऱ्याचा फरक आहे."

"तुम्ही वक्ते आहात," ते हसून म्हणाले. "मी इंजिनिअर आहे."

डोक्यात तिडीक गेली. टेबलावरचा पाण्याचा ग्लास मी भिंतीवर फेकला. फेकायला नको होता हे ग्लास हातातून सुटताना कळत होतं, आणि तरी फार बरं वाटलं. हे दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहितो.

उद्या सकाळपासून संप. मागण्या दोनच: कढई परत आणा आणि नियमात तो शब्द अर्थासकट लिहा. मी सभेत बजावलं आहे, उद्यापासून गेटच्या आत पाऊल टाकणारा आपला नाही, मग तो कुणाचाही कुणी असो.

७ मार्च, गुरुवार

एकही माणूस आत गेला नाही. सगळे जाळ बंद. कारखान्याची चिमणी अशी नुसती उभी मी पहिल्यांदा पाहिली.

संध्याकाळी धाकटा ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. "दादा, भट्ट्या तशाच विझल्या."

"मग? संपात भट्ट्या विझतात."

"पहार टाकायची राहिली. मीठ पातळ असताना उभी करून ठेवायची असते. गोठलं की काढायची. तळापर्यंत भोक राहतं. नाहीतर पुन्हा पेटवताना..."

"पुन्हा पेटवायची वेळ आपण जिंकल्यावर येईल," मी म्हटलं.

"मी तासाभरात जाऊन येतो. अजून पूर्ण गोठलं नसेल. वॉचमन ओळखीचा आहे."

मी त्याला समजावलं. नीट समजावलं, रागावलो नाही. आज एक भाऊ पहारीसाठी आत गेला, तर उद्या दहा जण डब्यासाठी जातील आणि परवा संप राहणार नाही. एका माणसाची शिस्त म्हणजे काय, यावर बराच बोललो. त्याने मान डोलावली. पटलं असावं. तो उठून गेला तेव्हा चहा तसाच होता.

बायको आतून म्हणाली, "त्याचं बोलणं संपलं होतं का?"

८ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. पहिलवानाचा सासरा तिथेच बाकावर झोपतो. हीट ट्रीटमेंटचा सगळ्यात जुना माणूस; घोगऱ्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणतात. मला बघून उठला. "भट्ट्या नीट बंद केल्या ना पोरांनी?"

"एकही चालू नाही, मामा."

"मग ठीक," म्हणाला आणि जावयाच्या ओठांवर ओला कापूस फिरवायला लागला.

पहिलवानाचा एक कान गळून पडला. मी तो ताटलीत पाहिला. बाहेर येऊन ओकलो, मग तोंड धुऊन गेटवर गेलो आणि त्या कानाबद्दल बोललो.

११ मार्च, सोमवार

आज रक्त सांडलं.

कंपनीने भाड्याची माणसं आणली, हातात लाठ्या, डोक्यावर हेल्मेट. ट्रक गेटमधून काढायचा होता. आपली माणसं आडवी झोपली. त्यांनी पायांच्या नडग्यांवर मारायला सुरुवात केली. नडगीवरचा आवाज वेगळा असतो, ओलं लाकूड फोडल्यासारखा. पॅकिंगमधल्या एकाचे पुढचे दात गेले. तो ते मुठीत धरून माझ्याकडे आला, जणू मी परत बसवून देणार होतो. मग दगड सुरू झाले. कुणी आधी मारला मला माहीत नाही. एका लाठीवाल्याचं हेल्मेट निघालं, तो खाली पडला, आणि आपल्या लोकांनी त्याला इतकं तुडवलं की मलाच मध्ये पडावं लागलं. माझ्या शर्टावर त्याचं रक्त आहे. बायकोने विचारलं, "तुमचं की त्यांचं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "धुताना दोन्ही सारखंच निघतं."

लॅबच्या बाई मागच्या गल्लीत भेटल्या. कौतुक करतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "तुम्ही तो शब्द उलटा वापरताय. तडतडणाऱ्या मिठाची भीती नसते हो. ज्याचा आवाज अजून निघालेला नाही, त्याची असते."

बरोबर असेल. पण सभेत एवढा बारकावा चालत नाही. गर्दीला धार लागते, तळटीप नाही.

१३ मार्च, बुधवार

बातमी पक्की आहे. बाहेरून माणसं आणून उद्या भट्ट्या पेटवणार. पाच जण आहेत, या कामाचे नाहीत, कुठल्यातरी बेकरीच्या भट्टीवरचे म्हणे. आज पहाटे मागच्या बाजूने आत घातले, आतच निजवलं.

जेवताना मी हे सांगितलं, तर धाकट्याने ताट बाजूला सारलं. "त्यांना माहीत नसणार. वर दगड झालाय मिठाचा. खालून जाळ लागला की तळातलं वितळणार, वर भोक नाही. दादा, कुणीतरी सांगायला पाहिजे."

"गद्दारांना मी निरोप पाठवू?"

"गद्दार कसले, पोटासाठी आलेत. दादा, ऐक तरी..."

"पेटवू देत," मी म्हणालो. "साहेबाच्या इंजिनिअरिंगचं काय होतं ते जगाला दिसू दे."

हे मी बोललो. रागात बोललो. दोन घास झाल्यावर थोडं अस्वस्थ वाटलं, पण उद्याच्या सभेचे मुद्दे काढायचे होते. लॅबच्या बाईंचं वाक्य कुठेतरी घालावं असा विचार आहे.

१४ मार्च, गुरुवार, सकाळी

धाकटा मी उठायच्या आत बाहेर पडला आहे. माझा जुना निळा मफलर खुंटीवर नाही. बायको विचारत होती, मागच्या दाराला टेकू दिलेली पहार कुठे गेली. मला काय माहीत. घरातल्या वस्तूंचा हिशेब आज माझ्याकडे मागू नये.

त्याच दिवशी, दुपारी, मांडवात

हात अजून गरम आहेत. घडलं तसं लिहून ठेवतो, मागून लोक हजार गोष्टी सांगतील.

मी कर्ण्यावर बोलत होतो. सभा ऐन रंगात होती. तेवढ्यात शेडच्या बाजूच्या भिंतीवर एक माणूस चढताना दिसला. तोंडाला निळं काहीतरी गुंडाळलेलं, हातात लोखंडी पहार. संपातून फुटलेल्यांपैकी कुणीतरी, आपल्याच लोकांची डोकी फोडायला निघालेला. मी कर्ण्यावरून ओरडलो, "भिंतीवर बघा. हातात पहार आहे. सोडू नका."

पाच-सहा जणांनी त्याचे पाय धरून खाली खेचलं. तो पाठीवर पडला. पहार सुटली, ती कुणीतरी उचलली. तो काहीतरी ओरडत होता, हात शेडकडे करत होता, पण कर्णा माझ्या तोंडाशी होता, त्याचं कुठलं ऐकू येणार. पहिला फटका जबड्यावर बसला. तो गप्प झाला, तरी मारणारे थांबले नाहीत. एकाच्या बुटाची टाच त्याच्या डोळ्यावर गेलेली मी इथून पाहिली. मी थांबा म्हणालो का? म्हणालो असेन. मी त्या वेळी एकजुटीबद्दल बोलत होतो, आणि वाक्य अर्धवट सोडायची मला सवय नाही.

त्याला बाजूला गटाराकडे टाकून दिलं आहे. वाईट आहे. पण लढाईत

आत काहीतरी झालं. जमीन हलली.

१५ मार्च, शुक्रवार

मधली भट्टी फुटली. वरचं गोठलेलं मीठ झाकणासारखं उडालं आणि त्याखालून लाल मिठाचा फवारा निघाला. आतल्या पाचांपैकी दोघे जागेवर मेले. एकाला ओळखायला त्याच्या बायकोला चप्पल दाखवली. तिसरा आज पहाटे गेला.

गटाराकडे पडलेल्या माणसाच्या तोंडावरचं कापड लॅबच्या बाईंनी सोडवलं. मफलर माझा होता.

जबडा तीन जागी मोडला आहे. डावा डोळा काढला. बरगड्या किती ते मी विचारलं नाही. जबडा तारेने बांधून टाकलाय, नळीने अन्न जातं.

मारणाऱ्यांपैकी एक दवाखान्यात आला, माझ्या पायाशी बसला. "दादा, आम्हाला काय ठाऊक. तुम्ही म्हणालात सोडू नका." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचं सांत्वन करताना मला एक चांगलं वाक्यही सुचलं. नंतर मुतारीत जाऊन मी ते वाक्य आठवून पाहिलं आणि मुठीने आरसा फोडला.

भोंगामामा वरच्या मजल्यावरून खाली आले. कॉटजवळ उभे राहिले. घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "पहार टाकली नव्हती?"

मी म्हणालो, "मामा, संपाची शिस्त..."

ते माझं वाक्य संपायच्या आत निघून गेले.

२१ मार्च, गुरुवार

जिंकलो. तीन मढी आणि पहिलवान, एवढ्यांपुढे कंपनीने नांगी टाकली. साहेबांची गच्छंती झाली. कढई परत येणार. नियमात शब्द जाणार, अर्थासकट. मसुदा बाईंनी केला आहे. मीठ हाताला कोरडं लागणं पुरेसं नाही. तापवून त्याचं फुटणं पूर्ण झालेलं असावं. आवाज थांबल्याची खात्री केल्याशिवाय भट्टीत टाकू नये. खाली त्यांनी आणखी एक कलम जोडलं आहे, भट्टी विझवताना पहार उभी करण्याचं. ते आमच्या मागण्यांत नव्हतं.

विजयसभेत मी धाकट्याबद्दल बोललो. कंपनीच्या हट्टाने माझ्या भावाचा जबडा मोडला, असं म्हणालो. हजार माणसं उभी राहिली.

घरी आलो. बायको भांडी विसळत होती. "कुणी मोडला ते सांगितलंत का सभेत?"

"अगं, व्यापक अर्थाने..."

"अहो, मला अर्थ नको. मी विचारलं कुणी."

तिने पाठ फिरवली नाही, भांडंही खाली ठेवलं नाही. बघत राहिली. मी हातपाय धुवायला गेलो.

२४ एप्रिल, बुधवार

तार काढून आठ दिवस झाले. धाकटा घरी आहे. माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. डॉक्टर म्हणतात जबडा आखडतो, सावकाश बोलू द्या. तसंच असेल.

आज बाहेरून येताना स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला. "वहिनी, हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी?" आणि ती हसली, "तुला चव कळायला लागली, म्हणजे बरा झालास." मी दारात आलो तसा तो गप्प झाला. दुखत असणार.

मी शेजारी बसून त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. आपल्या संपावर अग्रलेख आला आहे. तो एका डोळ्याने खिडकीकडे बघत होता.

झोपताना बायकोला म्हटलं, हा माझ्याशी का बोलत नाही. ती म्हणाली, "तुम्ही कधी थांबता?"

२ मे, गुरुवार

आज कढई पुन्हा सुरू झाली. धाकट्याने हट्टाने कामावर यायचं ठरवलं, डॉक्टरांचं ऐकलं नाही. शेडमध्ये सगळे जमले होते. त्या साहेबांच्या जागी आलेल्या साहेबांनी मला दोन शब्द बोलायची विनंती केली. मी चार पानं लिहून नेली होती. शब्दाचा अर्थ, त्याचा उपयोग, त्यासाठी सांडलेलं रक्त, असं सगळं.

छतावर, भिंतींवर अजून पांढरे डाग आहेत. भिंतीवर एका ठिकाणी माणसाच्या खांद्याएवढी जागा कोरी राहिली आहे, तिथे कोण उभं होतं ते कुणी विचारत नाही. भोंगामामांनी जाळ मोठा केला. धाकट्याने कढईत मीठ ओतलं. भाजलेल्या मनगटावरची कातडी अजून गुलाबी आहे.

तडतड सुरू झाली. मी घसा साफ केला. "मित्रांनो, हा आवाज..."

धाकट्याने माझ्याकडे न बघता तळहात वर केला. या शेडमध्ये तशीच पद्धत आहे, कढई बोलत असताना कुणी बोलायचं नाही, नाहीतर ती कधी थांबली ते कळत नाही. भोंगामामांनीही हात वर केला. मग एकामागून एक सगळ्यांनी.

मी थांबलो. पानं हातात तशीच. गुडघे दुखायला लागले, तरी तडतड चालू होती. खडे उडून कढईच्या काठावर आपटत होते. मधेच थांबल्यासारखं वाटे आणि पुन्हा एखादा खडा फुटे. मला ते आधीच संपलंय असं दोनदा वाटलं. धाकट्याचा हात खाली आला नाही.

मग खरंच शांत झालं.

त्याने हात खाली घेतला. फावड्याला हात लावला नाही. माझ्याकडे वळला, त्या उरलेल्या डोळ्याने नीट बघितलं. जबडा आखडलेला होता, शब्द एकेक करून बाहेर आले.

"दादा, त्या दिवशी मी भिंतीवरून काय ओरडत होतो, सांगू?"

पन्नास माणसं उभी होती. त्यातल्या पाच-सहांनी माना खाली घातल्या. मी पानं खिशात घातली.

तो बोलला. मी मध्ये बोललो नाही.